पार्श्वजन्म आणि जननी

ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील अठराव्या सूक्तात एक विलक्षण हट्ट नोंदलेला आहे. मातेच्या उदरात दीर्घकाळ वाढलेला इंद्र, जन्माची घटिका येऊन ठेपली असता, ज्या पुरातन मार्गाने आजवरचे सारे देव जन्मास आले त्या मार्गाने बाहेर पडण्यास साफ नकार देतो. ही वाट दुर्गम आहे, मी आडवा होऊन कुशीतूनच निघेन, असे म्हणतो. आणि त्याची समजूत घालणारा आवाज त्याला एवढेच विनवितो की, असे करून आपल्या आईचा घात करू नकोस. देवांच्या राजाच्या जन्मकथेत आईच्या जिवाची काळजी पहिल्याच ऋचेत यावी, ही गोष्ट मला त्या सूक्तातील पुढच्या साऱ्या पराक्रमवर्णनाहून मोलाची वाटते. मूल कोणत्या वाटेने आले याला धर्मदृष्ट्या काही अर्थ आहे काय, हा प्रश्न शिझर झालेल्या बाळंतिणीच्या खाटेभोवती आजही निरनिराळी रूपे घेऊन घुटमळत असतो. परंतु त्या वाटेचे मोल कोणी चुकविले, हा दुसरा प्रश्न त्या ऋचेनंतर आपण फारसा विचारलेला नाही.

गंमत अशी की, ज्याला स्वतःला कुशीतून यावयाचे होते तो इंद्र पुढे कुशीतून झालेल्या दुसऱ्या दोन जन्मांच्या वेळी जातीने हजर आहे. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाची कथा येते. पुत्रप्राप्तीसाठी मंत्रून ठेवलेले, राणीने प्यावयाचे पाणी रात्री तहानेने व्याकूळ झालेल्या राजानेच प्राशन केले, गर्भ त्याच्याच पोटी राहिला, आणि काळ पूर्ण होताच त्याची कूस भेदून मांधाता बाहेर आला. स्तन्य देण्यास आई नाही, तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्या अर्भकाच्या मुखात दिली. दुसरा जन्म तर आमच्या जिल्ह्यात रंगवून ठेवलेला आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवी वृक्षाची फांदी धरून उभी आहे आणि तिच्या कुशीतून अवतरलेला सिद्धार्थ इंद्राने हातांवर घेतलेला आहे. महाभारतकार आवर्जून सांगतात की, कूस फाटूनही युवनाश्व मेला नाही आणि हे मोठेच अद्भुत झाले. मायादेवीविषयी बौद्ध परंपरा सांगते की, सातव्या दिवशी ती निवर्तली. आणि बोधिसत्त्वांच्या मातांचा हा नियमच होय असे म्हणून परंपरा पुढे निघून जाते. कूस उकलूनही जगला वाचला म्हणून पुराणांनी ज्याचे कौतुक केले असा बाळंतीण झालेला जीव नेमका पुरुष निघावा, यात कोणाचा कट नसेलही; पण वाचकाने क्षणभर थबकावे इतके ते सूचक खचित आहे.

वैद्यक आणि राजशासन यांचा इतिहास चाळला तरी हेच आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या गर्भाच्या, अध्यायात, प्रसूतिकाळी माता अकस्मात मृत्यू पावली आणि तिच्या कुशीत स्पंदन जाणवत असले, तर वैद्याने तत्क्षणी उदर छेदून बालकास बाहेर काढावे असा आदेश आहे. तो निःसंदिग्ध आहे, परंतु तो मृत मातेविषयी आहे. गर्भवती स्त्री मेली असता गर्भ काढून घेतल्यावाचून तिचे दफन करू नये, असा दंडक प्राचीन रोममध्ये होता. पालेर्मो येथील कान्जामिला या धर्मगुरूने १७४५ साली गर्भस्थ जीवाच्या उद्धारावर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यातील सारी तळमळ ही की, मेलेल्या आईच्या पोटातील जीव बाप्तिस्म्यावाचून जाऊ नये. जिवंत स्त्रीवर शस्त्र चालविण्याचे धाडस कोणी केलेच तर ती वाचण्याची आशा अल्प असे. कारण उदर शिवले तरी गर्भाशयाची जखम बहुधा तशीच सोडून देत, ती आपोआप मिटते अशी शस्त्रवैद्यांची धारणा होती. १८८२ साली माक्स सेंगर या जर्मन वैद्याने गर्भाशयालाही काळजीपूर्वक टाके घालण्याची रीत मांडली, पुढे जंतुनाशन, रक्त चढविण्याची सोय आणि प्रतिजैविके यांची जोड मिळाली, आणि मग हे चित्र पालटले. तेव्हा कुशीतून येणारे मूल ही काही नवलाई नव्हे, ते वेदाइतके जुने आहे. नवलाई ही की, कूस उकलूनही आई दुसऱ्या दिवशी खाटेवर उठून बसते. धर्मविचाराने दखल घ्यावयाची राहून गेली आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे सांगण्यास रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. बीबी का मकबरा पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला तो ताजमहालाशी ताडून पाहण्याची एवढी घाई असते की, तेथे कोण निजले आहे आणि कशाने, हे विचारण्याचे त्यास सुचत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिने ११ सप्टेंबर १६५७ रोजी अकबर या पुत्रास जन्म दिला आणि ८ ऑक्टोबर रोजी, म्हणजे सव्वा महिन्याचे बाळंतपणही पुरे होण्याआधी, ती मरण पावली. ज्या ताजमहालाशी तुलना करावयाची तोही चौदाव्या बाळंतपणात गेलेल्या स्त्रीचाच. त्याच १६५७ सालच्या मे महिन्यात पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेब अडीच वर्षांच्या आतच राजगडावर निवर्तल्या, आणि कापूरहोळच्या धाराऊने बाळराजांना दूध पाजले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पुढे १६८१ साली बापाविरुद्ध बंड करून तो अकबर आश्रयास आला तो याच संभाजीराजांच्या. दोन पोरक्या मुलांच्या त्या भेटीवर बखरकारांनी राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की, मातृमरण हे त्या काळी रयतेपासून तख्तापर्यंत सर्वांना सारखे लागू असलेले एकच फर्मान होते. मकबऱ्यापासून फार दूर नाही, पाणचक्कीच्या परिसरातच, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणीकडून अडलेल्या बायका रात्री-अपरात्री गाडीत घालून तेथे आणल्या जातात आणि त्यांतील बहुतेक मुलासह परत जातात. मकबरा आणि घाटी यांच्यामधील हे अंतर पायी तोडण्यास थोडाच वेळ लागेल; वैद्यकास ते तोडण्यास तीन शतके लागली.

शस्त्रक्रियेची तयारी पाहिली तर तीत एखाद्या अनुष्ठानाचा क्रम दिसतो. पोटात अन्न असू नये म्हणून सहा तास काही खावयाचे नाही, पाणीदेखील दोन तास आधी बंद. ज्या बायकांची हयात चतुर्थी आणि एकादशी करण्यात गेली त्यांना हा उपास जड जात नाही, जड जाते ते पुढचे. सातव्या महिन्यात ओटी भरून ल्यालेला हिरवा चुडा, जोडवी, मंगळसूत्र उतरवून ठेवा म्हणून परिचारिका सांगते, आणि सासू दारात चपापते. परिचारिकेचा काही धर्मद्वेष नसतो. रक्तवाहिन्यांची तोंडे विजेच्या उपकरणाने बंद करताना अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा संभव असतो, दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधावयाचा असतो, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावावयाचा असतो. सौभाग्यलेणे उतरविणे अशुभ, ही भावना मी थट्टेवारी नेणार नाही. परंतु ज्या अलंकाराने नवऱ्याचे आयुष्य वाढते अशी श्रद्धा आहे तो घटकाभर बाजूस ठेवल्याने बायकोचे आयुष्य वाचते, एवढा हिशेब कोणत्याही देवाला समजण्यासारखा आहे.

मग संमतिपत्र येते. सुश्रुत चिकित्सास्थानात मूढगर्भाच्या उपचारास हात घालण्यापूर्वी वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घ्यावी असे सांगतो. कर्म इतके जोखमीचे की धन्याची मंजुरी हवीच. प्रश्न धनी कोण हा आहे. आपल्याकडे अजूनही तो कागद घेऊन कर्मचारी आधी नवऱ्याचा शोध करितो, नवरा बापास विचारतो, बाप गावाकडे फोन लावतो, आणि जिचे पोट उघडावयाचे ती कुशीवर पडून त्या सर्वांची तोंडे पाहत राहते. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रौढ व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातलगाने दिलेली संमती ही संमती नव्हे. त्या प्रकरणात भूल दिलेल्या स्त्रीच्या आईला विचारून अधिक मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. देहाचा अधिपती देही, हे गीतेच्या तेराव्या अध्यायाचे वाचक तोंडाने सहज म्हणतात. ते दस्तऐवजावर रुजू होण्यास न्यायासन लागले.

कंबरेच्या मणक्यांत सुई देऊन खालचे अंग बधिर करितात, ती स्वतः जागी असते, आणि पडद्यापलीकडून मुलाचे पहिले रडणे ऐकते. येथेच सर्वांत जुना आक्षेप उभा राहतो: जिने कळा सोसल्या नाहीत ती आई कसली? हा आक्षेप केवळ आमच्या ओसरीवरचा नाही. जेम्स सिम्प्सन याने १८४७ साली एडिंबरोत प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा, वेदनेने प्रसवशील हा हव्वेला मिळालेला शाप देवाचा आहे, तो वैद्याने का मोडावा, असा धर्माचा मुद्दा निघाला; त्यावर त्या पठ्ठ्याने त्याच बायबलातून उत्तर काढले की, आदमाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ निद्रा आणली होती. आणखी एक पार्श्वजन्म, आणि त्यातही सुखरूप वाचला तो पुरुषच! १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या प्रसूतीत क्लोरोफॉर्म घेतला आणि त्या वादाची धार गेली. आमच्याकडे धर्मपीठाने असा काही हुकूम काढलेला नाही, म्हणून वाद मिटविणारी राणीही झाली नाही. ‘नॉर्मल झाली का?’ या पहिल्या प्रश्नात तो तसाच शिल्लक आहे.

वेदना हे तप आहे, असे म्हणणाऱ्यांनी तपाचे लक्षण आधी पाहावे. तप हे स्वेच्छेने आणि हेतुपूर्वक पत्करलेले असते. कळा ह्या पत्करलेल्या नसतात, त्या येतात. उलट उद्या सकाळी माझे उदर उकलणार हे जाणून, मुलाचे ठोके मंदावले आहेत एवढ्या एका वार्तेवर विश्वास टाकून, आपणहून मेजावर जाऊन पडणाऱ्या स्त्रीच्या कृतीत तपाचा अंश शोधणाऱ्याला तो अधिक सापडेल. शिवाय वेदना टळते हेही खरे नाही. बधिरता उतरली की ती व्याजासह वसुलीला येते. पहिल्यांदा कूस बदलताना, पहिल्यांदा पाय खाली सोडताना, खोकला आला असता टाक्यांवर उशी दाबून धरताना तिचा हप्ता चुकत नाही. एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे की, आजच्या साऱ्याच शस्त्रक्रिया अटळ नसतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी पंचवीसहून किंचित अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झालेल्या आढळल्या. देशभरात खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ होते. एवढ्या तफावतीचा जाब स्त्रियांच्या नाजूकपणाला विचारून भागणार नाही, तो अन्यत्र विचारावा लागेल. परंतु तो बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून विचारण्याचा नव्हे.

आता मुलाकडे वळू. गर्भोपनिषद सांगते की, नवव्या महिन्यात गर्भाला पूर्वजन्मांचे स्मरण असते, तो मुक्तीचा निश्चय करितो, परंतु योनिद्वाराशी येताच वैष्णव वायूचा स्पर्श होऊन ते सारे विसरतो. जालन्याकडच्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचा पहिला समास जन्मदुःखालाच वाहिला आहे. त्यातही गर्भात ‘सोऽहं’ म्हणणारा जीव बाहेर पडताच ‘कोऽहं’ म्हणून रडू लागतो. मग जे मूल त्या द्वाराने आलेच नाही त्याचे स्मरण शाबूत राहावयास नको काय? हा प्रश्न पोरकट वाटला तरी त्याचे उत्तर तसे नाही. शिझरने आलेली लक्षावधी मुले अगदी तोच टाहो फोडतात, तेव्हा विस्मरण वाटेवर अवलंबून नाही हे उघड आहे. ते श्वासावर असावे. आणि त्या वैष्णव वायूच्या कल्पनेत एक तथ्यही आहे. कळा सुरू झाल्या म्हणजे गर्भाच्या फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊ लागतो आणि ती श्वासाला सिद्ध होतात; कळांवाचून, आणि त्यातही दिवस भरण्याआधी काढलेल्या मुलाला काही काळ धाप लागण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच अडचण नसेल तर ठरवून करावयाची शस्त्रक्रिया एकोणचाळीस आठवडे पुरे होण्यापूर्वी करू नये, असे प्रसूतितज्ज्ञ सांगतात.

आणि येथेच पंचांग आड येते. अमुक तारखेला, अमुक लग्नावर, मूळ आणि आश्लेषा चुकवून मूल काढा, अशी चिठ्ठी घेऊन येणारे कुटुंब आज नवलाचे राहिलेले नाही. जन्मक्षण नेमका कोणता, मस्तक दिसले तो, भूमिस्पर्श झाला तो, की पहिला श्वास घेतला तो, याविषयी ज्योतिष्यांतच एकमत नाही. ते असते तरी मूळ पेच सुटत नाही. प्राक्तनाप्रमाणेच जीव योग्य त्या घटिकेला येतो असे मानले, तर चिठ्ठी लिहिणारा ज्योतिषी आणि चिठ्ठी मानणारा शस्त्रवैद्य हेही त्या प्राक्तनाचेच चाकर ठरतात आणि निवडीचा अभिमान फुकट जातो. घटिका बदलून दैव बदलता येते असे मानले, तर दैव इतके दुबळे की ते रुग्णालयाच्या वेळापत्रकात बसते, आणि मग त्याची कुंडली मांडून वाचावयाची कशासाठी? पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूत अनिष्ट नक्षत्रावरील जन्मासाठी शांती सांगितल्या आहेत. त्या जन्मानंतर करावयाच्या आहेत. मूल आधी येऊ द्यावे, मग देवाशी काय ती तजवीज करावी, ही जुनी रीत आजच्या चिठ्ठीपेक्षा मुलाच्या फुप्फुसांना खचितच अधिक मानवते.

वाटेचा प्रश्न धर्मशास्त्रांनी विचारलाच नाही असे नव्हे. उत्तरे मात्र भिन्न आली. यहुद्यांच्या मिश्नामध्ये कुशीतून काढलेल्या बालकाचा स्वतंत्र विचार आहे: ते ज्येष्ठ पुत्राच्या हक्कांना आणि मोचनविधीला पात्र नाही, आणि त्याच्या मातेला प्रसूतीचे अशौच लागू होत नाही; कोकणातून मुंबईस आलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांचा धर्म तोच. मुसलमानांचे हनफी धर्मशास्त्र रक्ताचा उगम पाहते: गर्भाशयातून स्राव झाला तर ती निफासात, म्हणजे बाळंतपणाच्या अशौचात, नुसती जखम वाहिली तर ती जखमी. आमचे धर्मशास्त्र नाळेवर थांबले. नाळ कापली की सोयर लागते, जातकर्म त्याआधी करावे असे मनूने सांगितले; मूल कोठून आले हे सोयर मोजणाऱ्याने पाहिलेच नाही. ही उदासीनता अनवधानाने आली असेल, तथापि तिचा लाभ असा की, ज्या आजीबाई शिझरच्या बाळंतपणाला अर्धेमुर्धे समजतात त्यांच्या पाठीशी शास्त्र नाही, केवळ सवय आहे.

सवयीचा त्रास पाचवीपासून सुरू होतो. सटवाई पुजावयाची त्या रात्री बाळंतीण बहुधा टाक्यांसह नुकतीच घरी आलेली असते, आणि पाटावर मांडी घालून बसणे तिला जमत नाही; तिने खाटेवरून हात जोडले तर सटवाईची लेखणी अडेल असे मला वाटत नाही. खाटेखाली शेगडी ठेवून शेक घेण्याची चाल ओल्या जखमेला धोक्याची आहे. भाताने टाके पिकतात, पाण्याने पोट सुटते, या समजुतींना आधार नाही. पाणी तर दुधासाठी आणि कोठा साफ राहण्यासाठी भरपूर हवे. शस्त्रक्रियेनंतर वारा सरला की नाही याची साऱ्या वॉर्डात ज्या उत्कंठेने चौकशी चालते ती पाहून एखाद्या नवख्याला हसू येईल. पण आतडी पूर्ववत चालू झाल्याची ती खूण असते. डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर यांत गैर काही नाही. खरा विरोध एकाच ठिकाणी येतो. रूढी म्हणते, सव्वा महिना खाट सोडू नको; वैद्य म्हणतो, दुसऱ्या दिवशी चाल, नाहीतर पायांतल्या शिरांत रक्त गोठेल. मला यात रूढीचा हेतू आणि वैद्याचा हुकूम दोन्ही पाळता येतील असे दिसते: तिने चालावे, पण घागर उचलू नये, उठावे, पण चुलीशी उभे राहू नये, मुलाहून जड असे काही सहा आठवडे तिच्या हाती देऊ नये. कोंडून ठेवण्याच्या त्या चालीत विश्रांतीचा जो हक्क दडला होता तो गरिबाच्या घरी आता कोंडणेही संपल्यामुळे बुडू लागला आहे, आणि ‘पोट कापलंय’ या कारणापेक्षा ‘सोयर आहे’ हे कारण तिला कामातून अधिक दिवस सोडवीत असे, ही कैफियत सुधारकांनीही ऐकून ठेवण्यासारखी आहे.

मुलाची पत्रिका लाल कापडात गुंडाळून देवघरात ठेवतात. रुग्णालयातून सोडताना दिलेला कागद बहुधा आठवड्याभरात हरवतो. त्या कागदावर गर्भाशयावरचा छेद कोणत्या प्रकारचा होता, शस्त्रक्रिया कशामुळे करावी लागली, रक्त किती गेले, हे लिहिलेले असते. दीड-दोन वर्षांच्या अंतराने आई पुन्हा गरोदर राहिली तर तिला नेहमीच्या वाटेने प्रयत्न करू द्यावा की न द्यावा, जुना व्रण कळांचा ताण सोसेल की उसवेल, याचा निर्णय करताना घाटीतला रात्रपाळीचा डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतो, आणि पत्रिका कोणी मागत नाही. तो पत्रिकेच्याच कापडात बांधून ठेवावा. देवघरातून तो मध्यरात्रीही सापडेल.